परिच्छेद तीनमधली संत्री

"भारताची राज्यघटना आज या घराच्या पाठीशी उभी आहे," असं रामराव धर्माळ्यांनी बैठकीच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं.

वास्तविक ती उभी नव्हती, आडवी होती. आणि पाठीशी नव्हे, फ्रिजच्या डाव्या पायाखाली होती. चार वर्षांपूर्वी फ्रिज डगमगतो म्हणून रामरावांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, ती तिथं सरकवली होती, आणि तेव्हापासून फ्रिज आणि राज्यघटना दोघंही स्थिर होती.

"काढू नका बरं," मनकर्णाबाई आतून म्हणाल्या. "कलमं तोंडपाठ हायेत म्हणता ना? मंग म्हणा तोंडपाठच. वरतं दूध हाय."

तेव्हा तीनशे अकरावं कलम तोंडपाठच म्हटलं गेलं. सरकारी नोकराला चौकशी केल्याशिवाय आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. रामरावांनी ते असं म्हटलं, की गाडगेनगरातल्या त्या खोलीत दोन क्षण सगळ्यांना आपण बडतर्फ होऊच शकत नाही असं वाटलं. त्यांचे धाकटे भाऊ केशवराव तर शेतकरी होते, तरी त्यांनाही वाटलं.

"मी प्रोबेशनवर आहे, मोठेबाबा," केशवरावांची पोरगी प्रतीक्षा म्हणाली. "मला 'काम समाधानकारक नाही' असं तीन शब्दांत लिहून घरी पाठवता येतं. पाच महिने राहिलेत अजून."

"मग तो कायदा घेऊ. गैरप्रकार उघड करणाऱ्याले संरक्षण. दोन हजार चौदा."

"तो झाला. पण लागू कधीपासून, ती तारीखच निघाली नाही अजून."

"म्हंजे लगन लागलं अन् पोरगी माहेरीच," केशवराव भिंतीकडे पाहत म्हणाले.

ते भिंतीकडे पाहत बोलले, कारण गेले नऊ दिवस ते आपल्या पोरीशी बोलत नव्हते. काही सांगायचंच असलं तर बायकोला, शकुनला, उद्देशून सांगत. शकुन नसली तर भिंत चालत असे.

"पर्यावरणाच्या कायद्यात तर साफ लिहिलं आहे," रामराव हटले नाहीत. "सद्हेतूनं केलेल्या कामाबद्दल खटला भरता येत नाही."

"खटला कोण भरतं, मोठेबाबा? ते नोटीस देतात."

हे खरं होतं. नोटीस तिपाईवर पडली होती, आणि सात दिवसांच्या मुदतीतला आज सातवा दिवस होता. मुदत संध्याकाळी सव्वासहाला अकोल्यात संपणार होती, आणि धर्माळे कुटुंब सकाळी दहा वाजता अमरावतीत गिला वडा खात होतं. यात आळस नव्हता, तत्त्व होतं. रामराव चौतीस वर्षं आस्थापना शाखेत काढून बडेबाबू म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या मते नोटिशीला आधी उत्तर देणारा माणूस घाबरलेला समजला जातो आणि उशिरा देणारा मस्तवाल. शहाणा माणूस शेवटच्या दिवशी, चहा झाल्यावर देतो.

प्रकरण साधं होतं. प्रतीक्षा अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत कनिष्ठ भूवैज्ञानिक होती. पाणी तपासायचं, आकडे लिहायचे, आकडा वाईट निघाला तर विहिरीला किंवा हातपंपाला लाल रंग लावायचा. मूर्तिजापूरजवळच्या एका गावात तिला अकरा ठिकाणी नायट्रेट सापडलं. पंचेचाळीसपर्यंत चालतं, तिथं एकशे तीस. तिनं अकरा ठिकाणी लाल रंग लावला. नेमका त्याच महिन्यात त्या गावाला स्वच्छ गावाचा पुरस्कार मिळायचा होता. मंडपाचं सांगून झालं होतं. आणि अकरावी विहीर तिच्या बापाची होती.

साहेबांनी तिला बोलावून प्रेमानं सांगितलं होतं, की बाटल्या नीट धुतल्या नव्हत्या एवढं एक वाक्य लिहून दे. आकडे रद्द, नोटीस रद्द, तू कायम.

"लिहून टाकाव म्हणा तिले," केशवराव भिंतीला म्हणाले. "एका वाक्यानं काय होते? सोळा वर्सं झाली त्या हिरीचं पानी पेऊन राहिलो मी. मले काय झालं?"

"म्हणूनच तर असे झाले," मनकर्णाबाईंनी त्यांच्या ताटलीत आणखी एक वडा टाकला.

"उकळून प्यावं तं?" शकुननं विचारलं.

"उकळून जात नाही आई ते. पाणी आटतं, ते तिथंच राहतं. मोठ्या माणसाला लवकर कळत नाही. तान्हं लेकरू निळं पडतं." प्रतीक्षा थांबली. "वहिनीचं बाळ दोन महिन्यांचं आहे. त्याच पाण्यातलं वरचं दूध सुरू केलंय ना तिनं?"

शकुनच्या हातातली बशी तिपाईवर जरा जोरात टेकली. केशवरावांनी वड्याची ताटली दूर सरकवली.

"बस," रामराव म्हणाले. "आता मी नोटीस वाचतो."

गेले सात दिवस त्यांनी ती वाचली नव्हती. लिफाफा पाहिला होता, जावक क्रमांक पाहिला होता, शिक्का तिरपा बसला आहे याबद्दल दुःख केलं होतं. आता चष्मा पुसून त्यांनी मोठ्यानं सुरुवात केली, आणि दुसऱ्याच ओळीला त्यांचा चेहरा उजळला.

"'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की' - वा. कोण आहे हा कारकून? 'आपले वर्तन शासकीय कर्मचाऱ्यास अशोभनीय असून कार्यालयाच्या प्रतिमेस तडा देणारे आहे.' तडा. पाहा केशव, धक्का नाही म्हटलं. धक्का कोणीही लिहितो. तडा म्हणजे भांडं फुटत नाही पण पाणी गळतं. असं लिहिणारा माणूस आता राहिला नाही जिल्ह्यात."

"पोरीले काढून राहिले अन् तुमी गानं ऐकल्यासारखे डोलता काय?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"विरोधकाचं अक्षर चांगलं असलं तर म्हणावं चांगलं. 'परिच्छेद तीन. आपण दिनांक बारा रोजी शासकीय जीपमधून संत्र्यांच्या सात पेट्या खाजगी कामासाठी वाहून नेल्याचे निदर्शनास आले असून...'"

"कोणती जीप?" शकुननं विचारलं.

"मला जीप नाही," प्रतीक्षा म्हणाली. "मी एसटीनं जाते. मांडीवर बाटल्यांची पिशवी घेऊन. तेवढंच एक मला कळलं नाही. म्हटलं, असेल काही कायद्याची भाषा."

रामराव खाली बसले. एवढा वेळ ते उभे होते हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नोटीस डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ आणली. जावक क्रमांक नवा होता, तारीख नवी होती, नाव नवं होतं. बाकी सगळं ते ओळखत होते. पेट्या सातच का, हेही ते ओळखत होते. पाच लिहिल्या असत्या तर क्षुल्लक वाटलं असतं, दहा लिहिल्या असत्या तर जीपमध्ये मावल्या नसत्या. हा विचार त्यांनी एकोणीसशे शहाण्णव साली, पावसाळ्यानंतर, जेवणाच्या सुटीत केला होता.

"हा मसुदा माझा आहे," ते म्हणाले.

अभिमान आणि शरम एकाच वाक्यात आली की माणसाचा आवाज बारीक होतो. तो झाला.

"म्हंजे?" केशवराव पहिल्यांदाच भिंत सोडून भावाकडे वळले.

"अमरावतीहून अकोल्यास माझीच फाइल नमुना म्हणून गेली असेल. सगळीकडे जात असे. कारणे दाखवा म्हटलं की लोक धर्माळ्यांचा नमुना मागत. यांनी नाव बदललं, संत्री बदलायची राहून गेली."

"त्या वेळी कोणाला दिली होती, मोठेबाबा?"

"एक माती तपासणारा होता. गोपाल वानखडे. खताच्या पोत्यांत खत कमी आणि माती जास्त, असं त्यानं लिहून दिलं होतं."

"आणि त्यानं संत्री नेली होती?"

रामरावांनी चष्मा काढला. "त्याले सायकल होती," ते म्हणाले. "खरं कारण कागदावर लिहिता येत नसलं की जीप लिहायची, अशी पद्धत होती. संत्री मी माझ्या मनानं घातली. साहेब खूश झाले होते. म्हणाले, धर्माळे, वास येतो हो कागदाले."

मनकर्णाबाईंनी आतून पाण्याचा पेला आणला आणि नवऱ्यासमोर ठेवला. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाच्या मसुद्यांची स्तुती शेजारणींकडे केली होती. त्या पाणी देऊन आत गेल्या. रामरावांना त्यापेक्षा नोटीस बरी वाटली असती.

"काय झालं त्याचं?" प्रतीक्षानं विचारलं.

"चिखलदऱ्याले बदली. त्यानं उत्तरात माफी मागितली होती. न नेलेल्या संत्र्यांची." रामरावांनी पेला उचलून परत ठेवला, आणि एकदम कागद ओढला. "पेन दे. चार प्रती काढायच्या. पहिलंच वाक्य - 'सदर नोटिशीचा मसुदा अधोस्वाक्षरीकाराने सन एकोणीसशे शहाण्णवमध्ये केलेला असून त्यातील परिच्छेद तीन त्याही वेळी धादांत खोटा होता.' खाली माझी सही. पाहू तो साहेब कोणती फाइल उघडतो ते."

बैठकीत वारं शिरल्यासारखं झालं. प्रतीक्षा सरकून जवळ बसली, मनकर्णाबाई चष्म्याचं घर घेऊन आल्या, शकुननं तिपाईवरच्या ताटल्या उचलल्या. रामराव लिहीत होते आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते. तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच खरं लिहायला घेतलं होतं, आणि त्यांच्या लक्षात येत होतं की त्यालाही चाल लागते.

"आता जोडपत्र एक," ते म्हणाले. "गावकऱ्यांच्या तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे म्हणतात. कुठं आहे ती?"

"ती नाही मिळाली," प्रतीक्षा म्हणाली.

"मग तर संपलंच. जोडपत्र नाही तर..."

"मिळाली हाय. इच्या पिशवीत पाह्यली मी," शकुन म्हणाली. ती मोठ्या दिराचं बोलणं सहसा तोडत नसे, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या. "खोटं काहून बोलतं, पोरी? अन् तुमी, तुमी तरी सांगा न आता. का मीच सांगू?"

केशवराव उठून उभे राहिले. पण त्या खोलीत जायला कुठं जागा नव्हती.

त्यांच्या गावात एक रीत होती. गावाचा कोणताही अर्ज निघाला, तर पहिली सही धर्माळ्यांची. 'शकुंतला' नावाच्या छोट्या रेल्वेगाडीला गावाजवळ थांबा मिळावा म्हणून त्यांच्या वडिलांनी, किसनरावांनी, पहिली सही केली होती. थांबा मिळाला नाही, पण सहीचा मान घराला चिकटला. धर्माळ्यांची सही असली की बाकीचे न विचारता करत, आणि धर्माळेही न वाचता करत. वाचून सही करणं म्हणजे अर्ज आणणाऱ्यावर संशय घेणं. किसनरावांनी आयुष्यात एकही अर्ज वाचला नव्हता, आणि एकाही माणसाला दुखावलं नव्हतं.

सरपंच आला तेव्हा केशवराव वांगी तोडत होते. त्यांनी हात धोतराला पुसून सही केली. कशाचा अर्ज आहे हे त्यांना परवा कळलं, तेही शकुनकडून, आणि शकुनला शेजारच्या गंगूबाईकडून. त्रेसष्ट सह्या. 'प्रतीक्षा केशवराव धर्माळे यांचेविरुद्ध कारवाई करणेबाबत.' अर्जदार क्रमांक एक, केशव किसन धर्माळे. कचेरीत एकाही माणसाला हे विचित्र वाटलं नव्हतं.

"तुले ठाव होतं?" केशवरावांनी विचारलं. भिंतीला नाही.

"सात दिवसांपासून." प्रतीक्षानं पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "मोठेबाबांनी पाहू नये म्हणून वेगळा ठेवला होता."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुम्ही माझ्याशी बोलत कुठं होता, बाबा?"

केशवरावांनी कागद हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. त्यांना बराच वेळ लागला, कारण त्यांच्या पोरीबद्दल त्यात बरंच लिहिलं होतं. ती उद्धट होती, तिनं गावाची बदनामी केली होती, तिला पाण्यातलं काही कळत नव्हतं. खाली त्यांची सही होती. सही चांगली आली होती.

"इले पानी कळत नाई?" ते हळू म्हणाले. "सातवीत होती तं हिरीत उतरून गाळाचे थर मोजत होती हे. मी वरून दोर धरून होतो." मग ते भावाकडे वळले. "भाऊ, मायाकडून बी लिही. पहिली सही वापस घेतो मी. अन् दुसरा अर्ज लिही. गावाले चांगलं पानी पाह्यजे, अन् तोवर लाल रंग जसाच्या तसा राहू द्यावा, मायाच हिरीपासून. पन थांब." त्यांनी बोट वर केलं. "सही करनं तं वाचूनच करनं."

पावणेचारला केशवरावांच्या मालवाहू गाडीनं बडनेरा सोडलं. पुढच्या एका बाकावर तिघं, मागं विकायची राहिलेली वांगी. गाडी केशवराव चालवत होते, आणि फोन रामरावांनी त्यांच्या कानाला धरला होता. पहिला फोन केशवरावांनी दुसऱ्या सहीच्या माणसाला केला.

"पहिली काढून घेतली मी," ते ओरडले.

पलीकडून आवाज आला, "पहिलीच नाई तं दुसरी कायले ठेवता? दुसरी काय हवेत राहते?"

तिसऱ्याचंही तेच म्हणणं पडलं. चौथ्यानं तर अर्ज कशाचा होता हेच विचारलं. मूर्तिजापूर येईपर्यंत उलटे फोन सुरू झाले. लोक आपणहून सह्या मागे घेत होते, ज्यांनी केल्या नव्हत्या तेही घेत होते. प्रतीक्षा बाटल्यांच्या यादीच्या मागे रेघा मारत मोजत होती. एकोणतीस. चौतीस. रामराव दर रेघेला मांडीवर थाप मारत होते, आणि ती मांडी प्रत्येक वेळी केशवरावांची असल्यामुळे गाडी जराशी उजवीकडे जात होती.

"एक्केचाळीस," अकोल्याची उसाच्या रसाची दुकानं दिसली तेव्हा प्रतीक्षा म्हणाली. तिचा आवाज लहान पोरीसारखा चढला होता आणि तिला त्याची लाज वाटली नाही. सात दिवस तिनं एकटीनं रात्री-दिवस एकच गोष्ट मनात घोळवली होती, ते एक वाक्य लिहावं का. बाटल्या नीट धुतल्या नव्हत्या. चार शब्द. आता ते वाक्य तिला आठवेचना.

सहाला दहा मिनिटं कमी असताना तिघं कचेरीत शिरले. आवक टेबलावर मनोज नावाचा कारकून बॅग भरत होता. त्यानं पानं मोजली आणि दोन प्रती लागतात म्हणाला. रामरावांनी चार ठेवल्या. जोडपत्रांना क्रमांक लागतो म्हणाला. रामरावांनी लावलेला होता. मनोजनं डोकं वर करून म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि नकळत खुर्ची सोडून उभा राहिला. शिक्का मारताना त्यानं पहिलं वाक्य वाचलं.

"धर्माळे म्हणजे ते नमुन्यावाले धर्माळे?"

"तेच," रामराव म्हणाले, आणि त्यांना मान ताठ करावी की खाली घालावी हे सुचलं नाही.

साहेब केबिनमध्ये होते. त्यांनी उत्तर वाचलं. मग नोटीस मागवून तीही वाचली. परिच्छेद तीनपाशी त्यांचा चेहरा बदलला.

"ही संत्री काय भानगड आहे?"

"आपली सही आहे खाली," प्रतीक्षा म्हणाली.

"मी वाचून थोडीच करतो? टेबलावर आलं की करतो."

केशवरावांनी साहेबांकडे पहिल्यांदाच आपुलकीनं पाहिलं.

"साहेब, आकडे मी बदलणार नाही," प्रतीक्षा म्हणाली. बापाच्या धोतराला अजून वांग्याच्या पानांचा वास होता आणि तो तिला पुरत होता. "वाटलं तर उद्या पुन्हा नमुने घेऊ. तुमच्यासमोर. बाटल्या तुम्ही धुवा."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर वांग्यांची गाडी होती. टेबलावर विभागात प्रसिद्ध असलेल्या माणसाचा कबुलीजबाब होता, चार प्रतींत, आणि चौथी प्रत कुठं जाणार हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. प्रतीक्षानं पुढं ठेवलेल्या रेघांप्रमाणे तक्रारीतल्या त्रेसष्टांपैकी एक्केचाळीस गेले होते. साहेबांनी पेन घेतलं. नोटीस मागे घेण्यात येत आहे. अकरा ठिकाणचे आकडे जसेच्या तसे वर पाठवावेत. या वेळी त्यांनी लिहिलेलं एकदा वाचलं आणि मग सही केली.

तिघं बाहेर व्हरांड्यात आले. केशवरावांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. रामरावांना जाणवलं की चौतीस वर्षं ज्या इमारतींत आपण वाकून चाललो, तसल्याच एका इमारतीतून आज सरळ चालून राहिलो. गोपाल वानखड्याचा पत्ता शोधायचा, हे त्यांनी मनात पक्कं केलं. कायदे नसले तरी माणसं असतात, असलं काहीतरी मोठं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं.

"काका, एक मिनिट," मागून मनोज धावत आला. त्याच्या हातात एक कोरा कागद होता. तो प्रतीक्षाकडे पाहून संकोचानं हसला, आणि रामरावांकडे वळला. "साहेब म्हणून राहिले, सोमवारी मॅडमले नवी नोटीस काढाची हाय, संत्री वगळून. मले काही तेवढं जमत नाई. तुमी आलेच हाय तं तेवढा मसुदा करून देता का?"